बायकोची पावलं आणि माझा पहारा

माझ्या बायकोला कंपवात झाला आहे असं मला तीन डॉक्टरांनी सांगितलं आणि तिघांवरही माझा विश्वास बसला नाही. पहिल्याने तिला दोन बोटं एकमेकांवर आपटून दाखवायला सांगितली. दुसऱ्याने खोलीत चार पावलं चालायला लावलं. तिसऱ्याने तिचा हात कोपरातून वाकवून बघितला आणि मान डोलावली. रक्त घेतलं नाही, फोटो काढला नाही, कागदावर एक आकडा नाही. मी तिसऱ्याला विचारलंच, "साहेब, याला पुरावा काय?" तो म्हणाला, "त्यांचं चालणं हाच पुरावा." बाहेर पडल्यावर मी बायकोला म्हटलं, हा माणूस काहीतरी लपवतोय. तिच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. चेहरा असा थिजणं हाही आजाराचाच भाग असतो, हे मला पुढे कळलं. तेव्हा मला वाटलं, ही माझ्यावर रागावली आहे.

माझी ही खोड नोकरीतली. मोहोपाड्याच्या एका केमिकल कारखान्याच्या गेटवर मी एकतीस वर्षं काढली. साध्या वॉचमनपासून सुरुवात केली आणि सुरक्षा विभागाचा सुपरवायझर होऊन निवृत्त झालो. पाळी सुटली की शे-दीडशे माणसं माझ्यासमोरून जायची. त्यांच्या पिशव्या, डबे, पाण्याच्या बाटल्या, सगळं उघडून बघायचं. चपातीच्या घडीत तांब्याची तार सापडलेली आहे मला. पण खरा जाणता माणूस पिशवी बघत नाही, पाय बघतो. पँटच्या आत नळाची चावी बांधलेली असली की माणूस कितीही निगरगट्ट असो, पाऊल आखूड पडतं. दहा हात अंतरावरून मी ओळखायचो. चाल बदलली की बाजूला घ्यायचं, एवढं एकच तत्त्व.

आणि मग एके दिवशी माझ्याच घरात माझ्या बायकोची चाल बदलली. पाऊल आखूड झालं, उजवा हात हलायचा बंद झाला, वळताना ती एका जागी चार चार पावलं टाकायला लागली. खरं सांगायचं तर माझ्या मनात आजार आलाच नाही. ही काय लपवतेय, हेच पहिल्यांदा आलं.

आमचं घर कर्जतजवळ भिसेगावात आहे. पुढची खोली, मधली खोली, स्वयंपाकघर आणि मागे छोटं अंगण, सगळं एका ओळीत. मधल्या खोलीतून स्वयंपाकघरात जाताना दोन बोटं उंचीचा उंबरा आहे. त्या उंबऱ्याशी बायको अडायला लागली. अंग पुढे झुकायचं, पाय मात्र जमिनीला चिकटल्यासारखे जागच्या जागी थरथरायचे. मी म्हणायचो, "उचल की पाय." ती म्हणायची, "उचलत नाय." दवाखान्याच्या जिन्याच्या अठरा पायऱ्या ही बाई न थांबता चढते आणि घरातला दोन बोटांचा उंबरा हिला ओलांडत नाही. कुठल्याही शहाण्या माणसाला यात पाणी मुरतंय असंच वाटलं असतं. निदान मला वाटलं.

डॉक्टरांनी चालण्याच्या व्यायामासाठी एक मुलगी पाठवली. फिजिओथेरपिस्ट. खोपोलीहून स्कूटीवर यायची, मंगळवारी आणि शुक्रवारी. वय फार तर सव्वीस-सत्तावीस. आल्या आल्या तिने बायकोला तिच्या नेहमीच्या चालीने चालायला सांगितलं, घड्याळात बघत पावलं मोजली आणि मोबाईलवर एक अ‍ॅप लावलं. त्यातून टक, टक, टक असा आवाज यायला लागला, लाकडावर लाकूड वाजावं तसा. "काकू, या आवाजावर पाय टाका. एका टकला एक पाऊल. घाई नाही."

बायको उठली आणि चालली. मधल्या खोलीतून निघाली, उंबरा ओलांडला, स्वयंपाकघर, मागचं दार, अंगण. वळली आणि परत आली. दोन वर्षांपूर्वी चालायची अगदी तशी. माझ्या डोळ्यांत पाणी यायला हवं होतं. त्याऐवजी माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. सहा महिने गोळ्या घेऊन जे झालं नाही ते मोबाईलच्या टकटकीने दोन मिनिटांत कसं होतं?

मुलीने समजावून सांगितलं. आपल्या डोक्यात चालण्याचा एक ठेका असतो, तो आपल्याला जाणवतही नाही. या आजारात तो आतला ठेका बिघडतो. बाहेरून ठेका मिळाला की पाय त्याला धरून चालतात. "आजार बरा होत नाही याने, काका. पण चालणं सुधारतं, पडण्याची भीती कमी होते."

"म्हणजे आयुष्यभर हे वाजवत हिंडायचं?"

"गरज पडेल तेव्हा."

हे उत्तर मला मुळीच आवडलं नाही. गेटवर ज्यांच्याकडे माल सापडायचा तेही असंच मोघम बोलायचे.

तिने ते अ‍ॅप माझ्या मोबाईलवर टाकून दिलं आणि सकाळ-संध्याकाळ दहा दहा मिनिटं चालवायला सांगितलं. मग काय, मी कामाला लागलो. बायको पुढे, मी दोन हातांवर मागे, हातात मोबाईल, नजर तिच्या टाचांवर. आणि चमत्कार असा की मुलगी समोर असताना वाऱ्यासारखी निघणारी ही बाई माझ्यापुढे दर दोन पावलांनी अडायची. टकटक चालू, हिचे पाय बंद. "ऐकू येतंय ना?" मी विचारायचो. "येतंय." "मग टाक पाऊल." ती टाकायची नाही. मी आवाज वाढवायचो. शेजारच्या घरातून एकदा विचारणा झाली की सुतारकाम काढलंय काय.

दोन आठवडे हे चाललं आणि माझा निष्कर्ष पक्का झाला. टकटक फारच हळू लावलेली आहे. मुद्दाम. जितकी हळू चालेल तितके महिने त्या मुलीची स्कूटी आमच्या दारात. अ‍ॅपमध्ये टकटकीच्या वेगाचा आकडा बदलायची खूण मी तिच्या हाताकडे बघून शिकून ठेवली होती. एका सकाळी मी तो आकडा वाढवला. थोडाथोडका नाही, चांगला वीसने.

बायको नेहमीसारखी उठली. टकटक सुरू झाली. पहिली तीन पावलं पडली, चौथं घाईत पडलं, मग पावलं लहान लहान आणि भराभर व्हायला लागली, अंग पुढे आणि पाय मागे, जणू कोणी तिला ढकलत होतं. मी पुढे झेपावलो, पण ती उंबऱ्याला अडखळून गुडघ्यावर पडली. मोबाईल जमिनीवर पडून तसाच वाजत राहिला. तो बंद करायला मला बटण सापडेना.

शुक्रवारी मुलीने काळानिळा गुडघा बघितला. "कशा पडलात?"

मी म्हणालो, "न्हाणीत घसरली."

बायकोने माझ्याकडे बघितलं. तोच थिजलेला चेहरा. तिने माझं खोटं तसंच राहू दिलं. जगातल्या सगळ्यांच्या पिशव्या उघडणारा मी, त्या दिवशी माझी पिशवी मात्र गच्च बांधून बसलो होतो. मुलगी गंभीर झाली. म्हणाली, "काकू, आता पडायचं नाही. गुडघ्यावर निभावलं. या वयात खुब्याचं हाड मोडलं तर परत उभं राहणं फार अवघड जातं." ती गेल्यावर बायको एवढंच बोलली, "ते टकटक बंद करा. मला नको."

त्यानंतर माझ्यासमोर ती चालायचीच बंद झाली. खुर्चीत बसून राहायची. पाणी मी द्यायचं, मोरीपर्यंत मी धरून न्यायचं. वाढवलेल्या आकड्याबद्दल तिने मला विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. तिला कळलंय की नाही हाच मला घोर.

मी रोज सकाळी नऊला कर्जतच्या बाजारात जातो. भाजी, पेपर, एक चहा, दहा-सव्वादहाला घरी. या काळात मला घरात खुणा दिसायला लागल्या. मी जाताना कोरडी असलेली तुळस आल्यावर ओली. दोरीवरचे कपडे काढून घडी घातलेले. मागच्या दाराशी तिच्या चपला, टोकं बाहेरच्या बाजूला. मी विचारलं, "कोण आलं होतं?"

"कोन येनार?"

"मग कपडे कोणी काढले?"

"वाळले हुते," ती म्हणाली. हे उत्तर नव्हतं. एकतीस वर्षांत मी अशी शेकडो उत्तरं ऐकली आहेत.

मग एका बुधवारी मी चष्मा विसरलो म्हणून अर्ध्या रस्त्यातून परत फिरलो. घराच्या बाजूच्या बोळातून येत होतो, मधल्या खोलीची खिडकी उघडी होती आणि आतून बायकोचा आवाज आला. "लाभ... लाभ... दोन... दोन... तीन..."

मी जागच्या जागी थांबलो. आमच्याकडे भात किंवा तांदूळ मापताना एक म्हणत नाहीत. पहिल्या पायलीला 'लाभ' म्हणायचं, बरकत राहावी म्हणून, आणि मग दोन, तीन, चार. एक पायली भरून ओतेपर्यंत तोच आकडा तोंडाने म्हणत राहायचं म्हणजे मोजणी चुकत नाही. ज्याने खळ्यावर एकदा जरी माप घातलंय त्याला हा आवाज कुठेही कळतो. माझी बायको आत तांदूळ मोजत होती. कोणाला तरी मापून देत होती, माझ्या पाठीमागे.

मी खिडकीखाली उभा राहून मोजत गेलो. बावीस. बावीस पायल्या तांदूळ!

कोणाला, याचा विचार करायची गरजच नव्हती. तिचा धाकटा भाऊ. त्याचं घर कोंडाण्याच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी. आमचा जमिनीचा लहानसा तुकडा त्याच गावात आहे आणि तोही तोच कसतो. दरवर्षी आमच्या वाट्याचा तांदूळ टेंपोत घालून आणून देतो, तो मधल्या खोलीत तीन पत्र्याच्या डब्यांत भरलेला असतो. माणूस वागायला इतका चांगला की मला पहिल्यापासून त्याचा संशय होता.

मी आत शिरलो नाही. माल दाराबाहेर पडेपर्यंत माणसाला धरायचं नसतं, हे पहिलं शिक्षण. चष्म्याशिवायच बाजारात गेलो, पेपरातलं एक अक्षर वाचता आलं नाही. दुपारी बायको झोपल्यावर तिन्ही डब्यांची झाकणं काढली, तांदूळ हाताने सारखा केला आणि त्यावर बोटाने एकेक फुली काढून ठेवली. कोणी हात घातला की फुली मोडणार. दुसऱ्या दिवशी बघितलं, फुल्या जशाच्या तशा. तिसऱ्या दिवशीही तशाच. बोळातून मात्र मोजणी ऐकू येत होती, कधी अठरा, कधी पंचवीस, एकदा तर चाळीसपर्यंत. दुसरा कोणी असता तर इथे थांबला असता. मी असं ठरवलं की तिला फुल्यांचा पत्ता लागलाय आणि तांदूळ काढून झाल्यावर ती नव्या फुल्या काढून ठेवते. थरथरणाऱ्या हाताने इतक्या सरळ रेघा कशा येतील, एवढंही माझ्या डोक्यात आलं नाही.

त्याच आठवड्यात तिचा भाऊ आला. वालाच्या शेंगा घेऊन आला होता. बहीण-भाऊ स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलत बसले आणि मी गेलो की गप्प झाले. जायच्या आधी तो हातपाय धुवायला मागे गेला. त्याची पिशवी पुढच्या खोलीत खुर्चीवर होती, तोंडाला गाठ मारलेली. मी ती सोडली. सख्ख्या मेव्हण्याची पिशवी, माझ्याच घरात, चोरासारखी. तांदूळ नव्हता. जुन्या पेपरात गुंडाळलेल्या माझ्या बायकोच्या चपला होत्या.

मी गाठ परत बांधली. तो आला, म्हणाला, "येतो, दाजी," आणि माझ्या पाया पडून गेला. मी मात्र खुर्चीत बसून राहिलो. तांदूळ मी समजू शकत होतो. पण बाईच्या चपला कोणी कशाला नेईल? माणूस घर सोडतो तेव्हा एकदम सोडत नाही, आधी एकेक वस्तू बाहेर काढतो. ही माहेरी निघाली आहे, हे माझ्या लक्षात आलं. मला राग आलाय असं मी त्या वेळी समजत होतो. तो राग नव्हता. मला भीती वाटली होती. एकतीस वर्षं मी सात-सात दिवस रात्रपाळ्या केल्या, घरी आलो की ताट वाढलेलं असायचं, आणि हे घर कोणामुळे चाललंय याचा विचार मी कधी केलाच नव्हता.

तीन-चार दिवसांनी सकाळी मी सांगितलं, "खालापूरला चाललोय, तहसीलला. कारखान्याच्या वेळचा एक दाखला काढायचाय. यायला संध्याकाळ होईल." पायांत बूट घातले, छत्री घेतली, सगळं नाटक व्यवस्थित केलं. कोपऱ्यावरच्या पुलाच्या कठड्यावर दहा मिनिटं बसलो आणि मागच्या गल्लीने परत येऊन आमच्या अंगणाच्या फाटकाशी उभा राहिलो. दोरीवर चादर वाळत होती, तिच्या आड.

मागचं दार उघडं होतं. आतून आवाज येत होता. "सहा... सहा... सात..." आणि आवाज जवळ येत होता. मापणाऱ्याचा आवाज एका जागी असतो, तो चालत नाही, हे त्या क्षणी पहिल्यांदा माझ्या ध्यानात आलं. मग स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापलीकडे बायको दिसली. हातात पायली नाही, तांदूळ नाही, सोबत कोणी नाही. रिकाम्या हातांनी ती चालत येत होती. दर पावलाला एक आकडा.

उंबऱ्याशी तिचे पाय अडले. मी चादर घट्ट धरली. तिच्या आवाजात मात्र कसलीच घाई आली नाही. "अकरा... अकरा... अकरा... अकरा..." पायली अजून भरायची आहे आणि भरली की ओतायची आहे, इतक्या सहज ती तोच आकडा म्हणत राहिली. अंग डावीकडे उजवीकडे जरासं झुललं, मग पाऊल उचललं आणि उंबऱ्याच्या अलीकडे पडलं. "बारा." तिथून ती अंगणात उतरली, तुळशीपर्यंत आली. पायांत त्याच चपला होत्या, टाचेमागून नवा पट्टा शिवलेला, पाय घसरू नये म्हणून.

लहानपणी तिच्या बापाच्या खळ्यावर मापाच्या वेळी तिचं काम काय असायचं ते ती मला लग्नानंतर सांगायची. बाप पायली भरायचा, आणि ही पोत्याचं तोंड धरून आकडा म्हणायची. बापाला शिंक आली, कोणी बोलायला आलं, तरी हिने आकडा सोडायचा नाही. पायली ओतली की पुढे जायचं. ही गोष्ट मी शंभरदा ऐकली असेल, आणि खिडकीखाली उभा असताना मला एकदाही आठवली नाही.

मी चादरीआडून बाहेर आलो. आनंदाने आलो होतो, देवाशपथ. तिने मला बघितलं आणि आकडा तोंडातच राहिला. पाय जागच्या जागी थरथरायला लागले, अंग पुढे गेलं. मी धावत जाऊन धरलं म्हणून वाचली. धुण्याच्या दगडावर तिला बसवलं आणि मीही शेजारी खाली बसलो.

"तुमी खालापूरला गेला हुता ना?"

"नाही गेलो."

तिने पदराने कपाळ पुसलं. मी म्हटलं, "हे मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर मागं येऊन उभं ऱ्हायला असता."

"मला वाटलं, तू तांदूळ देतेस कोणाला."

"ठावं हाय. डब्यात फुल्या बगितल्या मी." मग ती म्हणाली, "पिशवी बी सोडली तुमी त्याची. चपला शिवून परत द्याया आला तवा म्हनला, गाठ येगळी हुती. म्हनला, ताई, दाजींना काय सांगू नको, वाईट वाटंल त्यांना."

मला जमिनीत शिरावंसं वाटलं. आजवर मी ज्यांच्या पिशव्या उघडल्या त्यांच्यातल्या कोणी मला वाईट वाटेल याची काळजी केलेली आठवत नाही.

"मशीन माज्यासाठी थांबत नाय," ती सांगत होती. "माजा पाय अडला तरी ते म्होरंच जातंय. ती पोरगी हसती, बोलती, मंग जमतं. तुमी मागून पाय बगता. तुमी बगाय लागला की माजा पाय मलाच इसरतो. असं वाटतं, मी कायतरी चोरलंय आन आता पकडनार मला." मग म्हणाली, "त्या दिशी आकडा वाढवला तुमी. आवाजावरनंच कळलं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"कुनाला बोलू?"

 ती पुढे म्हणाली, "भाऊ म्हनतोय, माज्याकडं चल. आंगन मोठं हाय, कोन बगत नाय. रविवारी टेंपो घेऊन येतोय."

"आणि तू काय म्हणालीस?"

"इचार करते म्हनले."

शुक्रवारी मुलगी आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. न्हाणीत घसरली नव्हती, मी आकडा वाढवला होता. ती रागवेल असं वाटलं होतं, पण तिने वहीत काहीतरी लिहिलं आणि बायकोला म्हणाली, "काकू, तुमची मोजणी ऐकवा बघू." मी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. आतून लाभ, दोन, तीन ऐकू येत राहिलं. थोड्या वेळाने मुलगी बाहेर आली. तिने घड्याळ लावून बघितलं होतं. काकूंचा आपला ठेका जवळपास तिने पहिल्या दिवशी लावला होता तेवढाच निघाला. "मोबाईल लांबच्या वाटेला वापरा. घरात त्यांची मोजणीच चांगली आहे. अडलं की तोच आकडा धरून ठेवतात, म्हणून घाबरत नाहीत."

"आणि मी काय करू?"

"तुम्ही पाय बघू नका, काका. कान द्या. आकडा ऐकू येतोय तोवर सगळं ठीक आहे."

पाय बघायचे नाहीत हा सल्लाही मला संशयास्पदच वाटला, ते कशाला लपवू. पडली तर? कानाने पडणारं माणूस धरता येत नाही. तरी सल्ला पाळायचं ठरवलं. शनिवारी दिवसभर मी घरात पाठ करून वावरलो. पेपर वाचायचा तोही भिंतीकडे तोंड करून. मागून मोजणी सुरू झाली की माझ्या मानेला कळ लागायची, इतकी ती वळायला बघायची. तीनदा मी वळलोच. तिन्ही वेळा ती अडली. एकदाही ती मला रागवली नाही, आणि ते रागावण्यापेक्षा वाईट होतं.

रविवारी दहाच्या सुमाराला टेंपो आला. मी पुढच्या दारात उभा होतो, तोंड रस्त्याकडे. मेव्हण्याने टेंपो वळवून लावला, इंजिन बंद केलं आणि आतच बसून राहिला. आदल्या रात्री बायकोची कपड्यांची पिशवी भरलेली मी बघितली होती. ती खाटेवर ठेवलेली होती. ती आता तिच्या हातात आहे की खाटेवरच आहे, हे बघायला मला फक्त मान वळवायची होती.

स्वयंपाकघरातून आवाज सुरू झाला. लाभ. दोन. तीन. मी दाराची चौकट धरली. सात, आठ, नऊ. मग उंबरा आला. "दहा... दहा... दहा... दहा..." मी मोजत होतो, ती किती वेळा दहा म्हणते ते. सहा झाले, सात झाले. टेंपोतून तिचा भाऊ माझ्या खांद्यावरून आत बघत होता. त्याला सगळं दिसत होतं आणि मला त्याच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. आयुष्यात इतकी भीती मला कधी वाटली नव्हती. "दहा... दहा..." ती पडेल असं वाटलं. ती जाईल असं वाटलं. मी वळलो नाही.

"अकरा," ती म्हणाली.

बारा, तेरा, चौदा. मधली खोली संपली, पुढची खोली लागली. आवाज पाठीपर्यंत आला आणि थांबला. तिचा श्वास मला मानेवर जाणवला.

"अवो, सरका. दारातच उभं हाय तुमी."

मी बाजूला झालो. ती माझ्याजवळून पुढे गेली, ओट्यावर आली, कठड्याला हात टेकून उभी राहिली. दोन्ही हात रिकामे होते. भावाला म्हणाली, "उतर रं. आत ये, चा घे आन जा. मी आज नाय येत."

'आज' हा शब्द मी नीट ऐकला. त्याबद्दल मी तिला काहीही विचारलं नाही. आत जाऊन चहाला आधण ठेवलं.